गेला कीं सोडला?

सन २०२४ च्या ऑगस्ट महिन्यांतली गोष्ट आहे. कांहीं घरगुती कामासाठीं मी बारामतीहून इंदापुरास बहिणीकडे गेलों होतों. आदले दिवशीं, म्हणजे ऐन स्वातंत्र्यदिनीं, मुंबईस प्रो कबड्डीच्या खेळाडूंचा लिलाव सुरू झाला होता. स्वातंत्र्याचा उत्सव आणि माणसांचा लिलाव हीं दोन्ही एकाच तारखेस कशीं आलीं, हा प्रश्न त्या घरांत माझ्यावांचून कोणासच पडलेला दिसला नाहीं. संध्याकाळीं ओसरीवर माझा भाचा आणि त्याचे चार-पांच मित्र आपआपले मोबाईल पुढें धरून बसले होते. पुणेरी पलटणीनें कोणाला घेतलें, कोणाला राखलें, चढाईची फळी किती भक्कम आहे, एखादा गडी जायबंदी झाला तर त्याच्या जागीं उभा राहील असा राखीव कोण आहे, याची चर्चा इतकी रंगली होती कीं, सोयरिकीच्या बैठकींतही इतकी बारीक चौकशी मीं कधीं पाहिली नाहीं. अस्लम इनामदार आहे, पंकज मोहिते आहे, मोहित गोयत आहे. पण डावा कोपरा कोण सांभाळणार? मला पाहतांच भाचा उद्गारला, "मामा, शादलुई गेला! एका वर्षांत गेला. ज्या पलटणीनें त्याला डोक्यावर घेतलं तिला दगा देऊन हरियाणाकडे गेला!"

भिंतीशीं माझे चुलतबंधू पान लावीत बसले होते. त्यांना घरांतले सगळे नाना म्हणतात. बैठकींत ते फारसे बोलत नाहींत. त्यांनीं मान वर न करतांच म्हटलें, "गेला न्हाई, बाळा. सोडला त्याला."

पोरें क्षणभर थांबलीं आणि पुन्हा आपल्या यादीकडे वळलीं. मी मात्र त्या दोन क्रियापदांपाशींच अडकलों, आणि खरें सांगायचें तर अजून अडकलेलाच आहें.

ज्या वाचकांस या खेळाच्या अलीकडील थाटाची माहिती नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करितों. हुतूतू या नांवानें जो खेळ आपण लहानपणापासून ओळखतों, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनीं सन १९३६ मध्यें बर्लिन येथें ज्याचें प्रदर्शन करून दाखविलें, त्याच खेळाची एक मोठी धंदेवाईक स्पर्धा सन २०१४ पासून चालू आहे. शहरांच्या आणि प्रांतांच्या नांवाचे संघ आहेत, संघांना मालक आहेत, आणि खेळाडू लिलावांत बोली लावून घेतले जातात. पुण्याचा संघ तो पुणेरी पलटण. महंमदरेझा शादलुई हा इराणचा गडी. डाव्या कोपऱ्यावर उभा राहतो, आणि चढाईला आलेल्याचा घोटा एकदां त्याच्या हातीं लागला म्हणजे सुटत नाहीं.

आतां पुढील तारखा ध्यानांत घ्याव्या. ७ ऑक्टोबर २०२३, शनिवार, या दिवशीं चीनमध्यें हांगझौ येथें आशियाई क्रीडास्पर्धेंतला कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यांत झाला. एका गुणावरून असा वाद माजला कीं खेळ बराच वेळ बंद पडला. अखेर भारत ३३–२९ असा जिंकला. भारताच्या चमूंत अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हे पलटणीचे दोघे होते, आणि समोर इराणकडून शादलुई होता. त्या शनिवारीं याच ओसरीवर त्याला ज्या शेलक्या विशेषणांनीं गौरविलें गेलें तीं या मासिकांत छापण्यासारखीं नाहींत. सोमवारीं मुंबईस लिलाव सुरू झाला आणि पलटणीनें त्याच शादलुईला २ कोटी ३५ लक्ष रुपयांस घेतलें. शनिवारचा वैरी सोमवारीं 'आपला' झाला! पुढें १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस हरियाणाचा २८–२५ असा पराभव करून पलटणीनें पहिलेंवहिलें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां माझ्या भाच्यानें पेढे वाटले. आणि त्यानंतरच्या लिलावापूर्वीं पलटणीनें त्याला राखून ठेवलें नाहीं. हरियाणानें त्याला २ कोटी ७ लक्ष रुपयांस घेतलें. घडलें तें एवढेंच.

या सगळ्या प्रकाराकडे तुच्छतेनें पाहणारी वडीलधारी मंडळी पुष्कळ आहेत. पैशानें आणलेल्या माणसांवर कसलें आलें आहे प्रेम, असें तीं विचारतात. हा संघ पुण्याचा नव्हे, मालकाचा, आणि खेळाडू हे भाड्याचे. मला हा आक्षेप तितकासा पटत नाहीं. परक्या ठिकाणाहून, आश्रयाच्या आशेनें आलेला मनुष्य आपला होऊं शकत नाहीं असें म्हणण्याचा अधिकार निदान बारामतीकराला तरी नाहीं. मोरोपंत हे मूळचे पन्हाळ्याचे. बाबूजी नाइकांच्या आश्रयानें ते बारामतीस आले, कऱ्हेकाठीं राहिले, तेथेंच १७९४ त निवर्तले; आणि आज बारामतीचा अभिमान म्हणून ज्यांचीं नांवें आपण घेतों त्यांत त्यांचें नांव पहिलें असतें. त्यांना नाइकांकडून वेतन मिळत होतें म्हणून त्यांची आर्या कोणी भाडोत्री ठरविलेली नाहीं. इंदापुराचीही कथा निराळी नाहीं. तेथें मालोजीराजांची गढी आहे. त्यांचे चिरंजीव शहाजीराजे यांनीं निजामशाही, आदिलशाही आणि मोगल अशा तिन्ही दरबारीं चाकरी केली, आणि तरीही त्यांचें नांव महाराष्ट्र आदरानेंच घेतो. आणि पलटण हाच शब्द घ्यावयाचा तर इब्राहिमखान गारद्याची आठवण कशी होणार नाहीं? पूर्वीं निजामाच्या पदरीं असलेला हा कवायती फौजेचा सेनानी पेशव्यांकडे आला. १७६१ मध्यें पानिपतावर त्याच्या पलटणी कापल्या जाईपर्यंत लढल्या आणि तो स्वतः शत्रूच्या हातीं सांपडून मारला गेला. त्याचा पगार किती होता हें कोणी विचारीत नाहीं.

तेव्हां पैसा मध्यें आला म्हणजे आपलेपणा खोटा झाला, असें नव्हे. शादलुईनें सबंध मोसमभर जे घोटे धरले ते पलटणीसाठींच धरले. त्या पकडींत कांहीं खोट नव्हती. भाच्याचे पेढेही खरेच होते. माझी शंका वेगळ्याच ठिकाणीं आहे. ज्याला आपण बाजारांतून आणला त्याच्याकडून आपण नातलगाची निष्ठा मागतों, आणि त्याला दूर करण्याची वेळ आली म्हणजे पुन्हा बाजाराचा न्याय लावतों. या मागण्यांपैकीं कोणतीही एक समजण्यासारखी आहे. दोन्ही एकाच वेळीं करणें मात्र मला अन्यायाचें वाटतें.

युरोपांतील फुटबॉलमध्यें हाच झगडा दुसऱ्या रूपानें झालेला आहे. मुदत संपली तरी खेळाडूला दुसरीकडे जातांना जुना संघ त्याची किंमत मागूं शकत असे. जाँ-मार्क बॉस्मान नांवाच्या एका बेल्जियन खेळाडूनें त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १५ डिसेंबर १९९५ रोजीं युरोपीय न्यायालयानें ठरविलें कीं, मुदत संपल्यावर मनुष्य मोकळा आहे, त्याच्यावर जुन्या धन्याचा हक्क उरत नाहीं. तेव्हांपासून तिकडे मोठा खेळाडू संघ सोडून जातो तेव्हां तो बहुधा स्वतः जातो. त्याच्या होकारावांचून व्यवहार पुरा होत नाहीं. म्हणून तिकडील प्रेक्षकांनीं 'दगा दिला' असें म्हटलें तर त्या शब्दाला निदान कांहीं आधार असतो. कबड्डीच्या लिलावांत तोही नाहीं. खेळाडू आपलें नांव लिलावांत देतो हें खरें. पण कोणत्या संघानें त्याला घ्यावें हें तो ठरवीत नाहीं. ज्याची बोली शेवटची, त्याचा तो. मग ज्या माणसाला आपण राखलें नाहीं, आणि कोठें जावें हें ज्याच्या हातीं नव्हतें, तो 'दगा देऊन गेला' कसा?

तो तसा गेला, कारण तसें म्हणणें आपल्याला सोईचें असतें. 'सोडला' म्हटलें कीं सोडणारा कोण हा प्रश्न लगेच उभा राहतो. 'गेला' म्हटलें कीं कर्ता तो, आणि आपण केवळ दुखावलेले. सर्वनामांचाही असाच खेळ चालतो. त्या दिवशीं मीं मुद्दाम कान देऊन ऐकलें. 'आपण हैदराबादला जिंकलों', 'आपण डावा कोपरा कसा भरणार' असें म्हणणारीं तींच मुलें, न राखण्याची गोष्ट निघाली कीं 'त्यांनीं राखलं नाहीं' असें म्हणत होतीं. विजयांत आपण आणि निर्णयांत ते! भाषेनें ही सवलत आपल्याला दिली आहे आणि आपण ती भरपूर वापरतों.

ती केवळ खेळापुरती वापरतों असें असतें तर मीं हा लेख लिहिला नसता. आमच्या बारामती-इंदापूरच्या भागांत नीरेच्या कालव्याखालीं ऊस पिकतो, आणि दरसाल दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यांतून, नगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात. मुकादम त्यांना आधीं उचल देऊन बांधतो. एक जोडपें म्हणजे हिशेबांत 'एक कोयता'. माणसें दोन असतात, पण मोजणी हत्याराची होते. यांतली एखादी टोळी हंगामाच्या मध्यावर निघून गेली तर गांवभर एकच वाक्य ऐकूं येतें, 'उचल बुडवून पळाली.' पळणाऱ्यांत प्रामाणिक सगळेच असतात असा माझा दावा नाहीं, आणि ज्याचा ऊस फडांत वाळतो त्याचें दुःख मी जाणतों. माझाही एकदां वाळला आहे. पण त्या वाक्यांतही कर्ता एकच, जाणारा. तो कां गेला, आजारी लेकरूं होतें काय, पाण्याची सोय होती काय, हें विचारणारें क्रियापद त्यांत नाहीं. दोन कोटींचा खेळाडू आणि कोयता यांची बरोबरी मी करीत नाहीं; तशी केली तर ती कोयत्याची थट्टा होईल. पण एकाविषयीं बोलतांना लागलेलें वळण दुसऱ्याविषयीं बोलतांना जीभ विसरत नाहीं.

आतां राखीव फळीविषयीं. मुलांच्या चर्चेंत हा विषय मोठा होता, आणि मला स्वतःला तोच सर्वांत बोचतो. कबड्डींत सात गडी मैदानावर असतात आणि पांच राखीव बाहेर. या खेळाचे आपल्याकडे पूर्वीं संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जात. त्यांतल्या संजीवनीचा नियम आजच्या खेळानें उचलला आहे. त्याप्रमाणें बाद झालेला गडी कायमचा मरत नाहीं. आपल्या बाजूनें समोरचा एक मारला कीं बाहेर बसलेल्यांपैकीं जो आधीं बाद झाला तो आधीं उठतो. केवढा उदार नियम हा! पण त्याची उदारता बाद होणाऱ्यांपुरतीच आहे. जो हरला त्याला पुन्हा आंत येण्याचा हक्क आहे आणि रांगही ठरलेली आहे. जो खेळलाच नाहीं त्याला हक्कही नाहीं आणि रांगही नाहीं. भाचा म्हणाला, "मामा, यंदा आपला माल भरपूर आहे, बाहेर बसवायला सुद्धां चांगले आहेत." चांगले आहेत म्हणून बाहेर बसवायचे, हें वाक्य त्यानें अगदीं निर्मळ मनानें उच्चारलें.

त्याला मी कोणत्या तोंडानें बोल लावूं? नीरेच्या काठीं आमचें गांव आहे. चाळीसएक वर्षांपूर्वीं तेथल्या तालमीचा एक कबड्डीचा संघ होता, आणि हिशेब लिहितां येतो या एका गुणावर मला त्याचा चिटणीस केलेलें होतें. पंचक्रोशींतल्या एका यात्रेंत सामने लागले. ढालीची मोठी शोभा होती. आमचा एक चढाईचा गडी दमाचा पक्का, पण पाय जड. दोन वर्षें आम्ही त्याच्यासकट शेवटच्या सामन्यांत हरलों होतों. मीं कोणाला फारसें न विचारतां पलीकडच्या तालुक्यांतला एक नांवाजलेला चढाईवाला ठरविला, त्याला जाण्यायेण्याचें भाडें आणि वर कांहीं रक्कम कबूल केली. तो आला, खेळला, आणि आम्ही ढाल जिंकली. त्याच रात्रीं पैसे मोजून घेऊन तो शेवटच्या एस्टीनें परत गेला. ढाल अजून तालमींत आहे. त्या चढाईवाल्याचें नांव आज आमच्या गांवांत कोणालाही सांगतां येणार नाहीं. मलाही येत नाहीं.

त्या दिवशींचें छायाचित्र मात्र माझ्यापाशीं आहे. मध्यें ढाल, भोंवतीं सात जण, आणि अगदीं कडेला, दुसऱ्यांचे सदरे हातावर घेऊन उभा असलेला आठवा. तो नाना.

मला या गोष्टीचा विचार करतांना प्रामाणिक राहिलें पाहिजे. नानाला खेळविलें असतें तर आम्ही बहुधा तिसऱ्यांदा हरलों असतों. संघ म्हटला कीं निवड आली, आणि निवड म्हटली कीं कोणीतरी वगळला जाणार. ज्याला हें नको असेल त्यानें एकट्यानेंच खेळावें. बाहेरचा गडी आणला यांत पाप झालें असें मला आजही वाटत नाहीं. मग बोचतें तें काय? नानाला मीं सांगितलें नाहीं, तें बोचतें. सदरे वाटण्याची वेळ आली, आंकडा घातलेले सात सदरे सात जणांना गेले, आणि त्याच्यापुढें हात रिकामा राहिला, तेव्हां त्याला कळलें. आदले दिवशीं संध्याकाळीं तो माझ्याबरोबर नदीवर होता. तेव्हां एक वाक्य बोलावयाचें होतें, 'नाना, उद्यां मीं तुला बसविलें आहे.' त्या वाक्यांतला 'मीं' माझ्या जिभेवर येईना. सामन्यानंतर आई त्याच्याबद्दल विचारूं लागली तेव्हां मीं काय उत्तर दिलें तेंही आठवतें: "त्याचं राहून गेलं." राहून गेलें! क्रियापदाला कर्ताच नाहीं. माझ्या भाच्यानें निदान शादलुईला तरी कर्ता केलें होतें.

या दृष्टीनें पाहिलें तर मुंबईचा तो लिलाव, जो मला पहिल्यानें इतका ओंगळ वाटला, माझ्या गांवच्या व्यवहाराहून कांहीं बाबतींत सरळच म्हणावा लागेल. तेथें किंमत उघड बोलली जाते. कोणी घेतलें, किती रुपयांस घेतलें, आणि कोणाला कोणीच घेतलें नाहीं, हें सगळ्या जगासमोर त्याच घटकेस कळतें. ज्याचें नांव पुकारलें आणि बोली लागली नाहीं, त्याच्या घरीं टीव्हीसमोर बसलेल्या माणसांवर काय प्रसंग येत असेल याची कल्पना करवत नाहीं. पण त्याच्या हातीं सदरा येईल अशा आशेंत त्याला शेवटच्या क्षणापर्यंत कोणी ठेवीत नाहीं. मीं ठेवलें होतें. लिलावाच्या क्रूरतेविषयीं तावातावानें लिहिणाऱ्या माझ्यासारख्या सुशिक्षित मनुष्याच्या चिटणिसींत ही अशी गोष्ट निघावी, याचें मला हंसूंही येतें आणि लाजही वाटते.

पुढें काय झालें तें सांगतों. त्या मोसमांत अस्लम इनामदार जायबंदी होऊन बाहेर बसला. बाहेर बसवायला सुद्धां चांगले आहेत म्हणून भाच्यानें ज्यांची मोजदाद केली होती ती फळी पुरी पडली नाहीं, आणि पलटण बाद फेरीपर्यंतही पोंचली नाहीं. २९ डिसेंबर २०२४ रोजीं अंतिम सामना झाला तो पुण्यांतच, बालेवाडीस; पण त्यांत पुणें नव्हतें. हरियाणानें पाटण्याचा ३२–२३ असा पराभव केला. मी त्या रात्रीं पुन्हा इंदापुरास होतों. भाचा 'आपला सामना नाहीं' असें म्हणत म्हणत पहिल्या मिनिटापासून टीव्हीसमोर बसला होता. शादलुईनें एका चढाईवाल्याला कोपऱ्यांत घेरून खालीं पाडलें, तेव्हां भाच्याचे दोन्ही हात टाळीसाठीं वर आले, आणि मित्रांकडे पाहून तसेच मांडीवर परत गेले. मीं पाहिलें, पण बोललों नाहीं.

त्यानंतरच्या वर्षीं शादलुई गुजरातेकडे गेला, म्हणजे २ कोटी २३ लक्षांस घेतला गेला. तीन वर्षांत तीन संघ. आणि पलटण त्याच्यावांचून साखळींत अव्वल राहून अंतिम सामन्यास पोंचली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं दिल्लीकडून २८–३१ अशी हरली. भाच्यानें दोन दिवस जेवण नीट केलें नाहीं असें बहिणीनें कळविलें.

त्या दिवाळींत नाना आमच्याकडे बारामतीस आले होते. जेवणें झाल्यावर आम्ही दोघेच अंगणांत बसलों होतों. मीं तें छायाचित्र काढून त्यांच्यापुढें ठेवलें आणि म्हटलें, "नाना, त्या साली तुला मीच काढला होता. दुसऱ्या कोणी नाहीं."

नानांनीं चष्मा लावून छायाचित्र बराच वेळ पाहिलें. मग बोट ठेवून म्हणाले, "ठाऊक हाय. ह्यो सदरा तुझाच व्हता माझ्या हातावर." आणि डाळिंबाला यंदा काय भाव निघतो आहे तें विचारूं लागले.